समद्विभुज त्रिकोण व गाढवांचा पूल



भूमितीवर नभोवाणीवरून बोलावयाचें म्हणजे अंधाऱ्या खोलींत चित्रें दाखविण्यासारखेंच आहे. माझ्याजवळ फळा नाहीं, खडू नाहीं; आणि असता तरी तो आपणांस दिसला नसता. म्हणून आरंभींच एक विनंती करतों. ज्यांच्या हाताशीं मुलांच्या वहीचें एखादें कोरें पान आणि कात्री असेल त्यांनीं तीं जवळ घ्यावीं. पानाची मधोमध उभी घडी घालावी. घालतांना खालच्या कडेचीं दोन्ही टोंकें एकमेकांवर अगदीं नीट बसवावीं. आतां घडीच्या रेषेवर, वरच्या अंगाला, कोठेंही एक टिंब द्यावें आणि त्या टिंबापासून खालच्या कडेपर्यंत एक सरळ तिरपा काप घ्यावा. घडीसह जो तुकडा हातांत राहील तो उलगडला कीं आजच्या भाषणाचा विषय आपल्यासमोर येईल. ज्यांच्या घरीं कात्री जाग्यावर सांपडत नाहीं, आणि अशीं घरें पुष्कळ असतात, त्यांनीं मनांतल्या मनांत कापावें. भूमितींत तेंही चालतें.

उलगडलेला तुकडा हा समद्विभुज त्रिकोण. त्याच्या दोन भुजा समान आहेत, कारण त्या एकाच कात्रीच्या एकाच कापानें झाल्या. उरलेली तिसरी बाजू म्हणजे पाया. समान भुजा जेथें मिळतात तो शिरोबिंदु, तेथील कोन तो शिरःकोन. आणि पायाच्या दोन टोंकांशीं आहेत ते पायाजवळचे कोन. नांवें एवढींच. त्यांतल्या त्यांत 'पाया' हें नांव जरा फसवें आहे. त्रिकोण आडवा ठेवला, उलटा टांगला, तरी पाया तीच बाजू राहते. ती खालीं असते म्हणून पाया नव्हे, इतर दोघींहून निराळी म्हणून पाया. तिन्ही भुजा समान असल्या तर काय? युक्लिडची व्याख्या अशी कीं, ज्याच्या दोनच भुजा समान तो समद्विभुज. म्हणजे समभुज त्रिकोणाला त्यानें या जातींतून वगळलें. आजचे गणिती निदान दोन भुजा समान असल्या कीं पुरे मानतात आणि समभुजालाही त्याच कुळांत घेतात. मला हीच सोय अधिक पसंत आहे. समद्विभुजाविषयीं जें जें सिद्ध होईल तें समभुजाला तीनदां लागूं पडतें आणि त्याचे तिन्ही कोन समान हें वेगळ्या श्रमावांचून हातीं येतें.

आतां त्या घडीच्या रेषेकडे पाहा. ती शिरोबिंदूपासून निघून पायाच्या बरोबर मध्यावर उतरते, म्हणून ती मध्यगा. ती पायाशीं काटकोन करते, म्हणून ती लंब. ती शिरःकोनाचे दोन सारखे भाग करते, म्हणून ती कोनदुभाजक. आणि पायाच्या मध्यावर जो लंब उभा करतां येईल तोही तीच. एखादा वेडावांकडा त्रिकोण घेऊन या चार रेषा काढून पाहा. त्या चार निरनिराळ्या निघतील. समद्विभुजांत मात्र एकच रेषा चार खात्यांचा कारभार पाहते. शिवाय घडी मिटली कीं पायाजवळचा एक कोन दुसऱ्यावर चपखल बसतो. तेव्हां ते दोन कोन समान. यावरून एक कोन कळला कीं बाकीचे कळतात. शिरःकोन ४० अंशांचा असेल तर पायाजवळचे ७०, ७० अंशांचे असलेच पाहिजेत. आणि पायाजवळचा कोन कधींही काटकोनाएवढा होऊं शकत नाहीं, कारण मग दोहोंतच १८० अंश संपून शिरःकोनाला कांहीं उरणार नाहीं. ३६ अंशांच्या शिरःकोनाचा त्रिकोण तर फारच गमतीचा. त्याचे पायाजवळचे कोन ७२ अंशांचे. त्यांतील एकाचा दुभाजक काढला तर त्या त्रिकोणाचे दोन तुकडे पडतात आणि दोन्ही तुकडे पुन्हां समद्विभुजच. त्यांतील एक तर मूळ त्रिकोणाचीच लहान प्रतिकृति. युक्लिडनें नियमित पंचकोन काढण्याची वाट याच त्रिकोणांतून नेली आहे.

येथें एखादा श्रोता म्हणेल, "हें सारें डोळ्यांना दिसतेंच आहे. मग शाळेंत त्याची सिद्धता पाठ करण्याचा जाच मुलांना कशासाठीं?" प्रश्न योग्य आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाहीं. ज्या मुलानें तो विचारला त्याला 'पुस्तकांत दिलें आहे म्हणून' असें उत्तर मिळालें कीं त्याचें भूमितीशीं असलेलें नातें बहुधा तेथेंच तुटतें. म्हणून त्याचें खरें उत्तर शोधूं.

पहिली गोष्ट, डोळे फसतात. त्याचा एक नामांकित नमुना असा. कोणताही त्रिकोण घ्या. त्याला अबक म्हणूं. अ येथील कोनाचा दुभाजक काढा. बक या बाजूच्या मध्यावर लंब उभा करा. या दोन रेषा जेथें मिळतात त्या बिंदूपासून अब आणि अक या भुजांवर लंब टाका आणि तो बिंदु ब व क यांना जोडा. आतां एकरूप त्रिकोणांच्या जोड्या लावीत गेलें कीं, प्रत्येक पायरीला शाळेंतलाच नियम सांगून, शेवटीं सिद्ध होतें कीं अब आणि अक समान आहेत. म्हणजे जगांतला प्रत्येक त्रिकोण समद्विभुज आहे! केंब्रिजचे राउस बॉल यांनीं आपल्या गणिती करमणुकीच्या ग्रंथांत, १८९२ सालीं, हें कोडें दिलें होतें. यांतील चूक तर्काची नव्हे, चित्राची आहे. घाईनें काढलेल्या आकृतींत तो मिलनबिंदु त्रिकोणाच्या आंत पडतो. वास्तविक, भुजा असमान असतील तर तो नेहमीं पायाच्या पलीकडे, त्रिकोणाबाहेर पडतो. आणि दोन लंबांपैकीं एकाचें पाऊल भुजेवर, तर दुसऱ्याचें वाढविलेल्या भुजेवर पडतें. त्यामुळें एकीकडे बेरीज केली तर दुसरीकडे वजाबाकी करावयास हवी होती. आपण दोन्हीकडे बेरीज करून मोकळे होतों. डोळ्यांनीं तर्काला हात दिला आणि त्याच हातानें खड्ड्यांत ढकललें, असा हा प्रकार आहे.

तेव्हां घडीवर विसंबून न राहतां सिद्ध करावयाचें तें कसें? प्रोक्लस या पांचव्या शतकांतील ग्रीक भाष्यकारानें लिहून ठेवलें आहे कीं, पायाजवळचे कोन समान असतात हें प्रथम थेलीसनें सांगितलें. मात्र त्याचा जुन्या वळणाचा शब्द 'समान' असा नसून 'सारखे' असा होता. थेलीसनंतर सुमारें तीनशें वर्षांनीं, इ. स. पूर्वी ३०० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाच्या युक्लिडनें आपल्या पहिल्या पुस्तकांत हा पांचवा सिद्धांत म्हणून घातला. आपल्याकडे जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या सम्राट् जगन्नाथानें अठराव्या शतकांत अरबीवरून युक्लिड संस्कृतांत आणला. त्याचें तें 'रेखागणित' मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेंत १९०१-०२ सालीं छापून निघालें.

युक्लिडची सिद्धता अशी. अब आणि अक या समान भुजा पायाच्या खालीं वाढवावयाच्या. एका वाढविलेल्या भुजेवर फ हा बिंदु, दुसरीवर तितक्याच अंतरावर ग हा बिंदु घ्यावयाचा. फ पासून क पर्यंत आणि ग पासून ब पर्यंत तिरप्या रेषा ओढावयाच्या. मग प्रथम दोन मोठे त्रिकोण एकरूप दाखवावयाचे, त्यावरून पायाखालचे दोन लहान त्रिकोण एकरूप दाखवावयाचे, आणि अखेर मोठ्या कोनांतून लहान कोन वजा करून पायाजवळचे कोन समान ठरवावयाचे. आकृति काढून पाहिली तर ती खरोखरच लांकडी पुलाच्या कमानीसारखी दिसते. यूरोपांतील विद्यार्थ्यांनीं या सिद्धांताला 'गाढवांचा पूल' असें नांव ठेवलें. कोणी म्हणतात तें या आकृतीवरून पडलें. कोणी म्हणतात कीं, मंदबुद्धि विद्यार्थी येथपर्यंत कसाबसा येतो आणि पुलापाशीं आडमुठ्या गाढवासारखा अडून बसतो, म्हणून. दोन्ही अर्थ चांगले लागतात.

पण युक्लिडनें हा एवढा वळसा घेतला कशासाठीं? शिरःकोनाचा दुभाजक काढला असता तर काम दोन ओळींत झालें असतें. आज शाळेंत बहुधा तसेंच शिकवितात. युक्लिडला तें करतां येत नव्हतें, आणि त्याचें कारण मोठें शिकण्यासारखें आहे. कोन दुभागण्याची रीत त्याच्या पुस्तकांत नववी. ती आठव्या सिद्धांतावर उभी आहे, आठवा सातव्यावर, आणि सातवा या पांचव्यावर. म्हणजे पांचव्यासाठीं नववा वापरणें म्हणजे घराच्या पायांतील दगड काढून त्यांनींच माडी चढविणें झालें असतें. प्रामाणिक माणूस उसनें घेतांना तें कोणाकडून आलें हें विसरत नाहीं. युक्लिड तसा होता. तरीही मला नेहमीं वाटतें कीं त्याला एक जवळची वाट दिसली नाहीं. किंवा दिसली असेल, पण आवडली नसेल.

ती वाट अलेक्झांड्रियाच्याच पापसनें, इ. स. च्या चौथ्या शतकांत, दाखविली. तिला एकही नवी रेषा लागत नाहीं. तो म्हणतो, एका त्रिकोणाकडे दोन त्रिकोण म्हणून पाहा. एकदां त्याला अबक म्हणा, एकदां अकब म्हणा. पहिल्याची भुजा अब ही दुसऱ्याच्या भुजा अक एवढी, कारण दोन्ही समान दिलेल्याच आहेत. पहिल्याची अक ही दुसऱ्याच्या अब एवढी, त्याच कारणानें. मधला कोन दोहोंतही तोच. दोन भुजा आणि त्यांमधील कोन जुळले कीं त्रिकोण एकरूप. म्हणून पहिल्याचा ब येथील कोन हा दुसऱ्याच्या क येथील कोनाएवढा. संपली सिद्धता.

हें ऐकून पुष्कळांना हातचलाखी झाल्यासारखें वाटतें. त्रिकोण एक आणि तुलना दोघांची? पण तव्यावरील भाकरी उलटतांना आपण काय करतों तें आठवा. भाकरी तीच, मात्र डावीकडची कड उजवीकडे गेली. पापसनें त्रिकोण असाच उलटला, आणि तो आपल्याच जागीं पुन्हां नेमका बसला. समद्विभुज त्रिकोणाचें मर्म एवढेंच आहे. उलटला असतां जो आपल्या जागीं जसाच्या तसा बसतो, तो समद्विभुज. आपल्या कागदाच्या घडीनें तेंच हातानें केलें होतें. पापसनें तें केवळ नियमांच्या बळावर, कागदाला स्पर्श न करतां केलें. मुलांना युक्लिडचा पूल दाखविण्याआधीं ही युक्ति दाखवावी, असें माझें स्पष्ट मत आहे. ज्याला ती उमगली तो पुलाशीं अडून बसणार नाहीं.

या युक्तीची एक आधुनिक गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९५६ सालीं अमेरिकेंत मार्व्हिन मिन्स्की हे, यंत्राकडून भूमितीचे सिद्धांत कसे सिद्ध करवून घेतां येतील, याचे नियम आंखीत होते. यंत्र अजून हातीं नव्हतें. म्हणून त्यांनीं ते नियम कागदावर स्वतःच यंत्रासारखे, डोकें न लढवितां, पायरीपायरीनें चालवून पाहिले. या पांचव्या सिद्धांताशीं आल्यावर त्या नियमांतून पापसचीच सिद्धता बाहेर पडली. पुढें १९५९ च्या सुमारास हर्बर्ट गेलर्न्टर यांनीं आय. बी. एम. कंपनींत खराखुरा संगणक या कामाला लावला. यांत मला नवल वाटत नाहीं. नव्या रेषा काढून आकृति सजविण्याची हौस यंत्राला नसते, आणि 'त्रिकोण तर एकच दिसतो' असा डोळ्यांचा आग्रहही त्याला नसतो.

यंत्राचें राहूं द्या. ज्यानें युक्लिडचें नांवही ऐकलेलें नाहीं अशा कारागिरालाही ही युक्ति ठाऊक असते. पाणसळ येण्यापूर्वीं जमीन सपाट आहे कीं नाहीं हें पाहण्याचें फार जुनें साधन म्हणजे दोन समान पायांचा लांकडी सांगाडा. दोन काठ्या वर एकत्र बांधलेल्या, मध्यें एक आडवी पट्टी, आणि माथ्यावरून सोडलेला ओळंबा. पट्टीच्या मध्यावर खूण असते. सांगाड्याचे दोन्ही पाय एका पातळींत असले कीं ओळंब्याची दोरी बरोबर त्या खुणेवरून जाते. कारण समद्विभुजाचा लंब आणि मध्यगा एकच. ईजिप्तमधील दैर-अल-मदीना येथील सेन्नेजेम नांवाच्या कारागिराच्या थडग्यांत असें एक साधन सांपडलें, तें इ. स. पूर्वीच्या तेराव्या शतकांतलें आहे, थेलीसच्याही सहाशें वर्षें आधींचें.

पण काठ्या किंचित् लहानमोठ्या असल्या आणि मधली खूण चुकीची असली तर? डोंगराच्या उतारावर पाणी अडविण्यासाठीं सलग समतल चर खणतांना बांबूचा असाच सांगाडा वापरतात, आणि तो बांधणाऱ्याजवळ कांहीं सूक्ष्म मापें नसतात. तो काय करतो तें पाहण्यासारखें आहे. दोन दगडांवर सांगाड्याचे पाय टेकवतो आणि पट्टीवर दोरी जेथें येईल तेथें खूण करतो. मग सांगाडा फिरवून डावा पाय उजव्या दगडावर आणि उजवा डाव्यावर ठेवतो व पुन्हां खूण करतो. दोन्ही खुणांच्या मधोमध जी जागा तीच खरी. उतार थोडा असेल तर ही रीत व्यवहाराला पुरेशी अचूक ठरते. सांगाडा समद्विभुज नसतांही, केवळ उलटून ठेवल्यानें, समद्विभुजाचें काम त्याच्याकडून करून घेतां येतें. पापसनें कागदावर जें केलें तेंच हा चिखलांत उभा राहून करतो.

कौलारू घर बांधणारा सुतारही याच जातीचा. दुपाखी छपराची कैची म्हणजे समद्विभुज त्रिकोणच; आढ्यापासून मधल्या तुळईवर येणारा उभा लांकडी खांब ही आपली घडीची रेषा. त्याविषयीं अधिक सांगत बसत नाहीं, कारण याहून जुनी आणि अधिक सुंदर एक गोष्ट आपल्या शुल्बसूत्रांत आहे.

शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी व चिति कशा मोजाव्या आणि आंखाव्या याचे नियम या सूत्रांत आहेत. चिति बांधावयाची तर प्रथम पूर्व दिशा नेमकी पाहिजे. त्याची कात्यायनानें दिलेली रीत अशी. सपाट भूमीवर शंकु पुरावा आणि त्याच्या उंचीएवढ्या दोरीनें त्याच्याभोंवतीं वर्तुळ काढावें. सकाळीं शंकूच्या छायेचें टोंक वर्तुळाला जेथें शिवेल तेथें एक खुंटी, आणि दुपारनंतर पुन्हां जेथें शिवेल तेथें दुसरी खुंटी ठोकावी. या दोहोंना जोडणारी रेषा ती पूर्व-पश्चिम. कारण उघड आहे: शंकूचें मूळ आणि या दोन खुंट्या यांचा त्रिकोण समद्विभुज आहे, दोन्ही छाया समान असल्यामुळें. आतां उत्तर-दक्षिण पाहिजे. त्यासाठीं दोरी दुमडून तिचा मध्य काढावयाचा, दोन्ही टोंकांचे फांस दोन खुंट्यांना अडकवावयाचे, आणि मध्य धरून दोरी एकदां दक्षिणेकडे व एकदां उत्तरेकडे ताणावयाची. प्रत्येक वेळीं मध्य जेथें येईल तेथें खूण. या दोन खुणांतून जाणारी रेषा ती उत्तर-दक्षिण. दुमडलेली दोरी ताणली कीं समद्विभुज त्रिकोण आपोआप होतो. त्याला मोजपट्टीही लागत नाहीं आणि काटकोन्याही लागत नाहीं. सूर्याची क्रांति सकाळपासून संध्याकाळपर्यंत किंचित् सरकते, म्हणून यांत सूक्ष्म अंतर राहतें. पुढील ज्योतिष्यांनीं त्याचाही विचार केला. पण चितीच्या कामाला एवढें पुष्कळ झालें.

या सूत्रांत समद्विभुज त्रिकोणाला स्वतंत्र नांवही आहे. तें म्हणजे 'प्रउग'. गाडीच्या दांड्यांचा पुढचा निमुळता भाग तो प्रउग. शत्रूचें निवारण इच्छिणाऱ्या यजमानानें या आकाराची चिति करावी असें विधान आहे, आणि तिचें क्षेत्रफळ नेहमींच्या चितीएवढेंच, साडेसात वर्गपुरुष, असलें पाहिजे. मग इतक्याच क्षेत्रफळाचा त्रिकोण कसा आंखावा? उत्तर असें कीं, दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढावा आणि त्याच्या पूर्वेच्या बाजूचा मध्य पश्चिमेच्या दोन कोपऱ्यांना जोडावा. त्रिकोण चौरसाच्या बरोबर निम्मा होतो. आणि पायाला पाया लावून असे दोन त्रिकोण ठेवले कीं 'उभयतःप्रउग', म्हणजे समभुज चौकोन. यांत शब्दांचा पसारा नाहीं आणि तर्कही ओझ्यासारखा वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सारें वेदी-छपरांचें झालें. गणित सोडवितांना या त्रिकोणाचा उपयोग काय? त्यासाठीं भास्कराचार्यांच्या 'लीलावती'कडे, इ. स. ११५० कडे, येऊं. त्यांतील मोर आणि साप यांचें उदाहरण आपल्यापैकीं कित्येकांनीं लहानपणीं ऐकलें असेल. नऊ हात उंच खांबावर एक मोर बसला आहे. खांबाच्या तळाशीं सापाचें बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे २७ हात अंतरावरून साप बिळाकडे येत आहे. मोर त्याच्यावर तिरपी झेंप घालतो. दोघांनीं तोडलेलें अंतर सारखें आहे, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गांठ पडेल? भास्कराचार्यांची रीत: खांबाच्या उंचीचा वर्ग ८१, त्याला २७ नीं भागून आले ३, ते २७ मधून वजा करून उरले २४, त्याचें अर्ध १२. उत्तर, बिळापासून १२ हात. पडताळा पाहा: साप चालला १५ हात, आणि नऊ व बारा यांचा कर्णही १५.

रीत अचूक आहे, पण विद्यार्थ्याला ती मंत्रासारखी वाटते. ८१ ला २७ नीं कां भागावयाचें तें कळत नाहीं. आतां हेंच समद्विभुजाच्या दृष्टीनें पाहा. मोराची जागा, सापाची मूळ जागा आणि दोघांची गांठ पडली ती जागा हे तीन बिंदु घ्या. दोघांचीं अंतरें सारखीं, म्हणून हा समद्विभुज त्रिकोण. गांठ पडली तो त्याचा शिरोबिंदु, आणि मोर व साप यांना जोडणारी रेषा त्याचा पाया. शिरोबिंदु पायाच्या मध्यावरील लंबावर असलाच पाहिजे. चौकटीच्या कागदावर नऊ घरें उंच खांब काढा, जमिनीवर २७ व्या घराला सापाचें टिंब द्या, आणि मोराचें टिंब सापाच्या टिंबावर नेमकें येईल अशी घडी घाला. घडीची रेषा जमिनीला बाराव्या घरावर छेदील. सकाळपासून वर्ग आणि भागाकार करून कंटाळलेल्या मुलाला हें एकदां करून दाखवा. आणि मोडलेल्या वेळूचें जें दुसरें प्रसिद्ध उदाहरण आहे, ३२ हात वेळू मोडून त्याचें टोंक मुळापासून १६ हातांवर टेकलें तें, तेंही असेंच सुटतें. उभ्या वेळूचा शेंडा आणि जमिनीवर टेकलेला शेंडा हे दोन बिंदु एकमेकांवर येतील अशी घडी घाला. बारा हातांवर वेळू मोडल्याचें दिसेल.

एवढें सगळें एका उलटण्याच्या युक्तीनें जमतें, तेव्हां ती सर्वत्र चालेल अशी समजूत होण्याचा संभव आहे. ती खरी नाहीं. पायाजवळचे कोन समान असतील तर भुजा समान असतात, हा उलट सिद्धांत तिनें सुटतो. मधला पाया आणि त्याच्या टोंकांचे दोन कोन घेऊन त्रिकोण पुन्हां उलटावा, झालें. पण भुजा किंवा कोन यांऐवजीं त्रिकोणाच्या आंतल्या रेषा समान दिल्या तर? समजा, पायाच्या दोन टोंकांपासून समोरच्या भुजांवर टाकलेले लंब समान आहेत. मग भुजा समान असतात हें एका वाक्यांत निघतें. कोणतीही भुजा व तिच्यावरील लंब यांच्या गुणाकाराचें अर्ध म्हणजे क्षेत्रफळ. क्षेत्रफळ एकच, लंब समान, तर भुजाही समान. दोन मध्यगा समान असल्या तरी भुजा समान. त्याला थोडे अधिक श्रम, पण शाळेच्या विद्यार्थ्याच्या आवांक्यांतले.

आतां तिसरा प्रश्न. पायाजवळच्या दोन कोनांचे दुभाजक समान आहेत, तर त्रिकोण समद्विभुज आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचा हा सख्खा भाऊ वाटतो. पण १८४० सालीं लेहमुस नांवाच्या जर्मन गणित्याला याची शुद्ध भौमितिक सिद्धता मिळेना, म्हणून त्यानें पॅरिसच्या स्टुर्म यांना पत्र लिहिलें; स्टुर्म यांनीं तो प्रश्न इतर गणित्यांपुढें ठेवला, आणि याकोब स्टाइनर यांनीं तो सोडविला. तेव्हांपासून या सिद्धांताला स्टाइनर आणि लेहमुस या दोघांचें नांव आहे, आणि आजपर्यंत त्याच्या किती निरनिराळ्या सिद्धता निघाल्या त्याची गणती नाहीं. येथें त्रिकोण उलटून भागत नाहीं. उलटलेला त्रिकोण आपल्या जागीं बसतो कीं नाहीं हेंच तर सिद्ध करावयाचें आहे, आणि दुभाजकांची समानता तेवढ्यानें हातीं लागत नाहीं. ज्या श्रोत्यांना आज रात्रीं झोंप लवकर येणार नसेल त्यांना एक वाट सांगतों. पायाजवळचे कोन असमान आहेत असें क्षणभर धरा आणि मोठ्या कोनाचा दुभाजक लहान कोनाच्या दुभाजकापेक्षां आंखूडच असतो, एवढें दाखवा. मग दुभाजक समान असणें शक्यच राहणार नाहीं. एवढें दाखविण्यांतच सगळी मेख आहे, आणि कात्री-कागदानें तेवढें दाखवितां येत नाहीं.